वाडा हलण्याआधी कागद लावा: शेळी-मेंढीपालनाच्या सरकारी योजना पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

दिवाळी झाली की पारनेर, शिरूर, फलटण, माण, जत भागातल्या मेंढपाळांचे वाडे, म्हणजे कुटुंब आणि मेंढरं मिळून फिरणारे तळ, हलतात. कोणी घाट उतरून कोकणात जातं, कोणी बागायती पट्ट्यात. मृगाच्या तोंडावर मेंढरं परत गावाकडे वळतात. सरकारी योजनांचे अर्ज मात्र कोणासाठी थांबत नाहीत. पोर्टल काही आठवड्यांपुरतं उघडतं, निवड झाल्याचा मेसेज मोबाइलवर येतो आणि कागद अपलोड करायला मोजके दिवस मिळतात. नेमका त्याच वेळी माणूस रायगडातल्या एखाद्या शेतात मेंढरं बसवून असतो. मोबाइलला रेंज नाही, सातबारा गावाकडे, जातीचा दाखला घरातल्या पेटीत. मुदत उलटते आणि संधी यादीतल्या त्यानंतरच्या नावाला जाते.

म्हणून हे मार्गदर्शन योजनांच्या नावांनी न लावता वर्षाच्या क्रमाने लावलं आहे. गावात असताना काय उरकायचं, जनावर ताब्यात घेताना काय बघायचं, वाटेवर काय सांभाळायचं, असा हा क्रम आहे. घरीच दहा शेळ्यांपासून सुरुवात करणाऱ्यालाही तो तसाच उपयोगी पडेल.

आधी दवाखाना, मग पोर्टल

नवखा माणूस सहसा आधी मोबाइल उघडतो आणि अर्ज भरायला बसतो. माझं सांगणं आहे की पहिल्यांदा गावाला लागू असलेल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. तुमच्याकडे किती जनावरं आहेत, वाडा कधी जातो, कधी येतो, हे तिथल्या डॉक्टरांना आणि पशुधन पर्यवेक्षकांना माहीत असलं पाहिजे. पुढे कानातला टॅग, लसीकरणाची नोंद, विम्यासाठीचा आरोग्य दाखला, जनावर मेल्यावरचं शवविच्छेदन, या सगळ्याला याच दवाखान्याची सही लागते. ज्याची जनावरं तिथल्या वहीत आहेत त्याचं काम एका फेरीत होतं.

त्याच्या वर तालुक्याचं पशुसंवर्धन कार्यालय, बहुतेक ठिकाणी पंचायत समितीच्या आवारात. जिल्ह्याला पशुसंवर्धन उपायुक्त. आणि मेंढपाळांसाठी खास असलेली संस्था म्हणजे पुण्यात गोखलेनगरला मुख्यालय असलेलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ. महामेष योजना हेच महामंडळ राबवतं. सांगलीतलं रांजणी, सोलापुरातलं महूद, साताऱ्यातलं दहिवडी इथे त्याची प्रक्षेत्रं, म्हणजे पैदाशीचे फार्म, आहेत. जवळ असाल तर एकदा जाऊन या. सुधारित नर कसा दिसतो, गोठा कसा बांधलेला असतो हे डोळ्यांनी बघितलेलं कामी येतं.

जून ते सप्टेंबर: कागदांचा हंगाम

मेंढरं घरी असतात तेवढेच चार महिने. त्यात ही कामं उरकायची.

आधार कार्ड, बँक पासबुक आणि रेशनकार्ड हे तिन्ही समोर ठेवा आणि नावं अक्षर न अक्षर जुळतात का बघा. आधारवर एक आडनाव, पासबुकावर दुसरं, रेशनकार्डावर वडिलांचं नावच नाही, असं मेंढपाळ कुटुंबांत फार आढळतं, कारण जन्म एका तालुक्यात, शाळा दुसऱ्या तालुक्यात आणि नाव लिहिणारा तिसराच. अनुदान थेट खात्यात येतं, त्यामुळे खातं आधारला जोडलेलं हवं. बँकेत जाऊन स्पष्ट विचारा, "माझं खातं डीबीटीला, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा व्हायला, चालू आहे का?" नुसतं आधार दिलेलं असणं आणि डीबीटी चालू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जातीचा दाखला तहसीलमार्फत उपविभागीय अधिकाऱ्यांकडून मिळतो. धनगर आणि तत्सम जमाती भटक्या जमाती-क प्रवर्गात, म्हणजे भज-क मध्ये येतात. दाखल्यासाठी वडिलांचा किंवा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, नाहीतर जुना महसुली पुरावा लागतो. घरात कोणी शाळेची पायरी चढलेलं नसेल तर हे काम महिनोन्‌महिने चालतं, म्हणून ते सगळ्यात आधी हातात घ्या. भावाचा किंवा चुलत्याचा दाखला आधीच निघालेला असेल तर त्याची प्रत जोडा.

सातबारा आणि आठ-अ नावावर असेल तर उत्तम. नसेल तर घरातल्या ज्याच्या नावावर जमीन आहे त्याचं संमतिपत्र किंवा भाडेकरार चालतो. यांशिवाय अपत्यांबाबतचं स्वयंघोषणापत्र, आणि लागू असेल तसे दारिद्र्यरेषेचा दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र, बचत गटाच्या सदस्यत्वाचा दाखला, रोजगार नोंदणी कार्ड, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. शेवटच्या तीन-चार कागदांना लोक किरकोळ समजतात, पण प्राधान्यक्रम त्यांच्यावरच ठरतो.

सगळ्यांचे स्वच्छ फोटो काढून घरातल्या दोन मोबाइलमध्ये ठेवा, आणि मूळ कागदांचा एक संच गावात राहणाऱ्या विश्वासाच्या माणसाकडे. अर्जात दिलेला मोबाइल नंबर पुढची काही वर्षं बदलू नका. निवडीचा मेसेज त्याच नंबरवर येणार असतो, आणि रिचार्ज न केल्यामुळे नंबर बंद पडून लाभ गेलेली कुटुंबं जवळपास प्रत्येक तालुक्यात सापडतील.

कानातला पिवळा टॅग

बारा आकडी क्रमांकाचा हा टॅग म्हणजे जनावराची सरकारी ओळख. २०१९ मध्ये केंद्राने लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिसच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला तेव्हापासून टॅगिंगला जोर आला, आणि २०२४ पासून महाराष्ट्रात टॅग नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीवर आणि दवाखान्यातल्या सेवेवर बंधन आलं आहे. टॅग मारताना क्रमांकासमोर तुमचं नाव आणि मोबाइल नंबर ऑनलाइन चढवला जातो. ती नोंद झाली का हे तिथल्या तिथे विचारून घ्या. कानात टॅग आहे पण संगणकात दुसऱ्याच कोणाचं नाव, असं झालं तर विमा आणि भरपाई दोन्ही अडकतात.

मेंढरं काटेरी झुडपांत चरतात, वाघुरीत, म्हणजे रात्री कळप कोंडायच्या जाळीत, कान अडकतात, टॅग तुटतात. टॅग पडला की महिनाभर वाट न बघता दवाखान्यात सांगून नवा मारून घ्या आणि जुना-नवा दोन्ही क्रमांक एका वहीत लिहून ठेवा. ही वही तुमच्याकडे हवीच: टॅग क्रमांक, नर की मादी, दाती किती (दातांवरून वय), लस कधी, व्यायली कधी. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणारं पोर लिहील.

घरी असतानाच लसी उरकायच्या. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची (आतड्यात विष होऊन जनावर अचानक दगावतं त्या रोगाची) लस; पहिल्यांदाच टोचत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस एकदा टोचली की साधारण तीन वर्षं संरक्षण मिळतं. लाळ्या-खुरकुताची मोहीम सरकार स्वतः राबवतं. जंताचं औषध पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. कोवळ्या पाल्यावर कळप तुटून पडतो तेव्हा धष्टपुष्ट कोकरूच आधी आंत्रविषाराने जातं, हे जुन्या मेंढपाळांना पाठ आहे. नवख्याने ते लक्षात ठेवावं.

कोणती योजना कोणासाठी

*दहा शेळ्या आणि एक बोकड.* पहिल्यांदाच जनावर घेणाऱ्याने इथून सुरुवात करावी. पशुसंवर्धन विभागाच्या एएच-महाबीएमएस या पोर्टलवरून किंवा त्याच नावाच्या ॲपवरून अर्ज होतो. सर्वसाधारण प्रवर्गाला ५० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के अनुदान. महिलांसाठी ३० टक्के राखीव. दारिद्र्यरेषेखालचे, मग एक हेक्टरपर्यंतचे अत्यल्प भूधारक, मग दोन हेक्टरपर्यंतचे अल्प भूधारक, सुशिक्षित बेरोजगार आणि बचत गटातल्या महिला असा प्राधान्यक्रम लागतो.

२०२१ च्या शासन निर्णयातला हिशोब समजून घेतला तर पुढचा गोंधळ टळतो. उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळीला ८,००० रुपये आणि बोकडाला १०,००० रुपये धरले आहेत. दहा शेळ्यांचे ८०,००० आणि बोकडाचे १०,००० मिळून ९०,०००. त्यावर विम्याचे करासह १३,५४५. एकूण गट १,०३,५४५ रुपयांचा. निम्मं अनुदान म्हणजे ५१,७७३. ७५ टक्क्यांनी ७७,६५९. माडग्याळ मेंढीचा गट याच पद्धतीने १,२८,८५० रुपयांवर जातो. उरलेला हिस्सा तुमचा, रोख किंवा बँकेच्या कर्जातून. हे दर शासन निर्णयातले आहेत, बाजारातले नव्हेत. आज अंगाने भरलेली, गाभण उस्मानाबादी शेळी ८,००० ला मिळणं कठीण आहे आणि वरचा फरक लाभार्थ्यालाच घालावा लागतो. तेवढे पैसे हाताशी ठेवूनच अर्ज करा, नाहीतर अनुदानाच्या किमतीत बसवायच्या नादात कोणी तरी रोगट जनावर तुमच्या गळ्यात मारेल.

या पोर्टलवर आधी केलेले अर्ज प्रतीक्षायादीत पुढच्या वर्षांसाठीही धरले जातात. त्यामुळे नवा अर्ज करण्याआधी घरातल्या कोणाचा जुना अर्ज यादीत आहे का ते बघा. लाभ एका कुटुंबात एकालाच मिळतो.

*महामेष.* पूर्ण नाव राजे यशवंतराव होळकर महामेष योजना, सुरुवात २०१७. ही भज-क प्रवर्गातल्या मेंढपाळांसाठी आहे, आणि माझ्या मते फिरस्त्या मेंढपाळाचं जगणं ध्यानात घेऊन आखलेली राज्यातली हीच सगळ्यात जवळची योजना. २० मेंढ्या आणि एक नर असा गट ७५ टक्के अनुदानावर मिळतो. स्थायी मेंढपाळ आणि स्थलांतर करणारे मेंढपाळ यांच्यासाठी वेगवेगळे भाग आहेत. ज्यांच्याकडे आधीच कळप आहे त्यांना सुधारित जातीचा नर, पायाभूत सोयी, संतुलित खाद्य यांसाठी ७५ टक्के, आणि मुरघासाचं (हिरवा चारा मुरवून साठवायचं) यंत्र किंवा पशुखाद्य कारखान्यासाठी ५० टक्के. वयोमर्यादा १८ ते ६०.

याच योजनेच्या जोडीला चराई अनुदान आहे: जून ते सप्टेंबर दरमहा ६,००० रुपये, चार महिन्यांचे २४,०००. अट किमान २० मेंढ्या आणि एक नर. पावसाळ्यात वाटेवर पिकं उभी असतात, वनविभागाची रोपवनं बंद असतात आणि मेंढरांना पाय ठेवायला जागा नसते. त्या चार महिन्यांचा हा आधार आहे. भूमिहीन मेंढपाळाला जागा खरेदीसाठी ७५ टक्के, कमाल ५०,००० रुपये असाही एक भाग आहे. अर्ज महामेषच्या स्वतंत्र संकेतस्थळावर किंवा ॲपवर होतो, एएच-महाबीएमएसवर नाही. दोन्ही सारखेच समजून एकीकडे अर्ज करून निवांत बसलेले लोक बरेच आहेत.

महामेषचा अर्ज भरताना आपण स्थायी की स्थलांतरित हे खरं तेच लिहा. स्थायी गटात जागा जास्त असतील असं कोणी सांगितलं म्हणून तसा अर्ज केला आणि तपासणीला माणूस आला तेव्हा कळप कोकणात होता, तर सगळंच जातं.

*राष्ट्रीय पशुधन अभियान.* ही केंद्राची योजना, २०२१-२२ पासूनच्या नव्या रूपात. १०० शेळ्या-मेंढ्या आणि ५ नर यांच्या प्रकल्पाला ५० टक्के, कमाल १० लाख रुपये; ५०० आणि २५ च्या प्रकल्पाला कमाल ५० लाखांपर्यंत. उद्यमीमित्र पोर्टलवर अर्ज, सोबत प्रकल्प अहवाल, जमीन, प्रशिक्षण किंवा अनुभव, आणि बँकेची तयारी. अनुदान दोन टप्प्यांत येतं, आधी तुमचे आणि बँकेचे पैसे लागतात. इंटरनेटवर याच योजनेची सगळ्यात जास्त जाहिरात दिसते आणि "५० लाख मिळवून देतो" म्हणणारे एजंट याच योजनेभोवती फिरतात. नवख्याने हिच्या वाटेला जाऊ नये असं मी स्पष्ट सांगेन. शंभर शेळ्या एका गोठ्यात ठेवल्या की खुराक, खरूज, जंत आणि पीपीआर यांचं गणित दहा शेळ्यांपेक्षा फार निराळं असतं. दहा-वीसवर दोन वेतं काढा, मग कृषी विज्ञान केंद्रात प्रशिक्षण घ्या, मग विचार करा.

*पशुपालकांचं किसान क्रेडिट कार्ड.* पिकासाठी मिळतं तसंच पशुपालनासाठीही, २०१९ पासून. जमीन नसलेल्यालाही मिळतं. खाद्य, औषध, मजुरी अशा चालू खर्चासाठी आहे; जनावर खरेदीसाठी नाही. २ लाखांपर्यंत व्याज ७ टक्के, वेळेत फेडलं तर प्रत्यक्षात ४ टक्के. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा निर्णय आहे. सावकाराकडून दिवाळीला उचल घेऊन मे महिन्यात कोकरं पडत्या भावाने विकणाऱ्या मेंढपाळाला या कार्डाने खरी सुटका मिळते, आणि तरीही ते मागणारे सगळ्यात कमी. बँकेने "जमीन नाही तर कार्ड नाही" म्हटलं तर नकार लेखी मागा.

शेळ्यांच्या निवाऱ्यासाठी रोजगार हमीच्या वैयक्तिक कामांमध्ये गोठा मिळतो का, याची चौकशी ग्रामरोजगार सेवकाकडे करा. जॉबकार्ड काढलेलं असू द्या. आणि जुलै २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पशुपालनाला शेतीसमकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतला आहे, त्यामुळे गोठ्याचं वीजबिल आणि ग्रामपंचायतीची घरपट्टी याबद्दल नव्याने विचारणा करणं तुमच्या हिताचं आहे.

जनावर ताब्यात घेण्याचा दिवस

निवड झाली, हिस्सा भरला, खरेदीची तारीख ठरली. त्या दिवशी घाई नको. खरेदीला डॉक्टर, विमा प्रतिनिधी, अधिकारी हजर असतात आणि दुपारपर्यंत सगळ्यांना उरकायचं असतं. जनावर मात्र तुमच्या दावणीला राहणार आहे.

दात बघा. दोन दाती किंवा चार दाती मादी घ्या. आठ दाती आणि झिजलेले दात नकोत. खालची पापणी ओढून आतला रंग बघा. लालसर हवा, पांढरट दिसली तर पोटात जंत आहेत. शेपटीखाली हगवणीचे डाग, नाकात शेंबूड, तोंडात फोड, खुरांत वास, यांपैकी काही दिसलं तर ते जनावर बाजूला करा. कास हाताने चाचपा, दोन्ही सड मोकळे आहेत का, गाठ आहे का. बोकडाचे किंवा मेंढ्याचे दोन्ही वृषण सारखे आणि घट्ट हवेत. दहा पावलं चालवून बघा, लंगडतंय का. जमलं तर घरातल्या बाईला सोबत न्या. करडं-कोकरं तीच सांभाळते आणि कोणती मादी पान्हा सोडेल हे तिला एका नजरेत कळतं.

टॅग तिथेच मारून घ्या, विम्याच्या कागदावर तोच क्रमांक आहे का वाचून बघा, तुमच्यासोबत प्रत्येक जनावराचा फोटो काढा. नवी जनावरं घरच्या कळपात लगेच मिसळू नका. दोन-तीन आठवडे वेगळी बांधा. योजनेतली जनावरं ठरलेल्या मुदतीपर्यंत, सहसा तीन वर्षं, विकायची नाहीत असं बंधपत्र तुम्ही लिहून दिलेलं असतं. त्यात झालेली पिल्लं विकायला हरकत नाही.

विमा

अनुदानाच्या गटाला विमा आपोआप येतो, घरच्या कळपाला येत नाही. तो वेगळा काढावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने पशुधन विम्याच्या अटी बदलल्या: पशुपालकाने हप्त्याचे १५ टक्केच भरायचे, बाकीचा भार केंद्र आणि राज्य उचलतात. मर्यादाही वाढून दहा मोठ्या जनावरांएवढी झाली, म्हणजे शेळ्या-मेंढ्या असतील तर शंभर.

विमा नाकारला जातो तो बहुतेक वेळा टॅगमुळे. जनावर मेलं की टॅगसह कान, तोंड आणि पूर्ण शरीराचे फोटो काढा. कंपनीला त्याच दिवशी फोन करा, दवाखान्यात कळवा. शवविच्छेदन झाल्याशिवाय पुरू नका. टॅग कापून लावलेला दिसला किंवा फोटोत आकडा वाचता आला नाही की दावा तिथेच थांबतो.

वाटेवर

वाडा हलला की दवाखाना मागे राहतो, पण १९६२ हा टोल फ्री नंबर सोबत असतो. त्यावर फोन केला की फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची गाडी मागवता येते. फोन करताना गाव, तालुका आणि जवळची खूण सांगायची, शेतमालकाचं नाव सांगितलं तर गाडी लवकर पोचते. ज्या तालुक्यातून जाणार आहात तिथल्या दवाखान्यातही परिचय ठेवा. वर्षानुवर्षं तीच वाट असते, त्यामुळे तीच माणसं भेटतात.

रेशनसाठी गावी यायची गरज नाही. 'एक देश एक रेशन कार्ड'मुळे अंगठा देऊन कोणत्याही रास्त भाव दुकानातून धान्य उचलता येतं. दुकानदार "तुमचं कार्ड इथलं नाही" म्हणाला तर ऐकून घेऊ नका. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या, म्हणजे मुक्कामाच्या गावातल्या शाळेत बसवायला अडचण येत नाही.

बिबट्या किंवा लांडग्याने मेंढरू मारलं तर भरपाई वनविभागाकडून मिळते. शेळी-मेंढीला बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम. ४८ तासांच्या आत जवळच्या वनरक्षकाला किंवा वनपालाला कळवायचं. मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. रात्री वाघुरीत लांडगा शिरला की सकाळी वाडा पुढच्या शेतात हलवायची घाई असते, मालक मेलेलं जनावर उचलायला सांगतो आणि पंचनामा होण्याआधीच पुरावा नाहीसा होतो. बाकीचा वाडा पुढे जाऊ द्या, घरातलं एक माणूस तिथे थांबलंच पाहिजे. पायाचे ठसे दिसत असतील तर त्यावर टोपली उपडी घालून ठेवा आणि शेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा.

वीज, पूर, अवकाळी पाऊस यांत जनावरं दगावली तर वाट तलाठ्याची. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला अवकाळी पाऊस आणि गारठ्याने पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत मेंढ्या उघड्यावर मोठ्या संख्येने मेल्या, तेव्हा ज्यांचा पंचनामा त्याच दिवशी झाला त्यांचं काम सोपं झालं. आपत्तीच्या २०२२ पासूनच्या केंद्रीय निकषात शेळी-मेंढीला ४,००० रुपये, जास्तीत जास्त ३० लहान जनावरांसाठी. तुम्ही परजिल्ह्यात असलात तरी पंचनामा घटना घडली तिथला तलाठी करतो. त्याला टॅगची वही दाखवा.

चराईचा हक्क

अनुदानापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे चरायची जागा, आणि तिच्याबद्दल कायदा आहे. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(१)(घ) मध्ये चराईचा, आणि भटक्या व पशुपालक समाजांच्या हंगामी वापराचा सामूहिक हक्क नोंदवला आहे. धनगर महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत नसल्याने "इतर पारंपरिक वननिवासी" म्हणून दावा करावा लागतो. १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, त्या जंगलावर अवलंबून असल्याचा पुरावा द्यावा लागतो.

अवघड आहे, पण अशक्य नाही. ज्या गावाच्या हद्दीत तुमचा मुक्काम पडतो, त्या गावच्या ग्रामसभेकडे दावा जातो. तिथून वनहक्क समिती, उपविभागीय समिती, जिल्हा समिती. पुरावा म्हणून जुन्या चराई पावत्या, वनविभागाच्या दंडाच्या पावत्या, जुनी गॅझेटिअरं, वाटेवरची देवस्थानं आणि पाणवठे, आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे जबाब चालतात. दंडाची पावती लाज वाटून फाडून टाकू नका; त्या जंगलात तुमचे आजोबा मेंढरं चारत होते याचा तो सरकारनेच दिलेला पुरावा आहे. नियमांत हेही लिहिलं आहे की भटक्या समाजांच्या दाव्यांची पडताळणी ते लोक हजर असतील अशा वेळी झाली पाहिजे. तसा अर्ज समितीला आधीच द्या आणि आपण कोणत्या महिन्यात तिथे असतो ते त्यात लिहा.

हे काम एकट्याने होत नाही. एका वाटेवरच्या पाच-सहा वाड्यांनी मिळून मुक्कामांची यादी करा: गाव, शेत किंवा गट क्रमांक, महिना, किती दिवस. देशाच्या एकविसाव्या पशुगणनेत, २०२४ मध्ये सुरू झालेल्या, पशुपालक समाजांच्या जनावरांची वेगळी नोंद पहिल्यांदाच घेतली गेली. गणनेचा माणूस आला होता तेव्हा तुमचा वाडा कुठे होता आणि आकडा कुठल्या गावात लागला, हे माहीत करून घ्या. दाव्यालाही आणि पुढच्या योजनांच्या उद्दिष्टांनाही त्याचा उपयोग होतो.

अर्ज अडकला तर

आधी तालुका कार्यालयात जाऊन प्रतीक्षायादीतला क्रमांक विचारा. तोंडी उत्तरावर समाधान झालं नाही तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्यानंतर 'आपले सरकार'च्या तक्रार पोर्टलवर तक्रार, आणि तरीही काही कळेना तर माहिती अधिकार: १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. माहिती अधिकारात "माझ्या अर्जाचं काय झालं" असं मोघम विचारू नका. अर्ज क्रमांक लिहा आणि त्या वर्षीची तालुक्याची निवडयादी, प्रतीक्षायादी, आणि आपला अर्ज अपात्र ठरवल्याचं कारण असलेल्या टिपणीची प्रत, अशा तीन गोष्टी मागा.

निवड करून देतो म्हणून पैसे मागणारा भेटला तर त्याला एक रुपयाही देऊ नका. निवड संगणकावरच्या यादीतून होते. तुमचा हिस्सा नेहमी कार्यालयाने सांगितलेल्या खात्यात किंवा बँकेतूनच भरायचा, पावतीसह. फोनवर कोणी आधारचा ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्या. विभागाला तो कधीच लागत नाही.